पाठ उसवलेला कोट

उन्हं तापायला लागली की आमच्या दुकानात दोन गोष्टी एकाच आठवड्यात होतात. माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि कसल्या ना कसल्या भरतीचे फॉर्म निघतात. कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा बांधून होतो न होतो तोच दुकानाच्या पायऱ्यांवर पाच-सात जण येऊन बसलेले असतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले दाखले, कपाळावर घाम, आणि तोंडी एकच प्रश्न: "ताई, फोटो होईन का? खाली नाव अन् तारीख पाह्यजे." होईल की. त्यासाठीच तर खामगावच्या बसस्टँडमागच्या या गल्लीत आम्ही इतकी वर्षं बसलो आहोत.

यंदाही कूलर खाली आला. यंदाही पायऱ्या भरल्या. दिनकरराव संगणकासमोर बसले आहेत आणि समोरच्याला विचारताहेत, "कोट कोणता टाकू? निळा का काळा?" दिनकरराव म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना नावाने हाक मारत नाही, पण लेखात नुसतं 'हे' म्हटलं तर वाचणाऱ्याला काय कळणार, म्हणून हा धीटपणा. समोरचा माणूस टी-शर्टवर बसलेला असतो. दिनकररावांचं बोट एकदा दाबलं जातं आणि पडद्यावर त्याच्या अंगावर कोट चढतो, टायसकट. खांद्याला खांदा बरोबर बसतो. संगणकात असे कितीतरी कोट आहेत. कुणालाही बसतात, घाम शोषत नाहीत, धुवावे लागत नाहीत. माणूस खूश होऊन जातो.

मी मात्र अशा वेळी भिंतीकडे बघते. आरशाशेजारी खिळ्याला एक खराखुरा काळा कोट अजून टांगलेला आहे. दिनकरराव दर दिवाळीला म्हणतात, "काढा आता तो, झुरळं होतात." मी दर दिवाळीला उन्हात घालते आणि परत टांगते.

हा कोट माझ्या सासऱ्यांचा. त्यांच्या लग्नातला. सासरे अंगाने भरदार होते. त्यांनी स्टुडिओ काढला तेव्हा नोकरीच्या अर्जावर कोटातला फोटो लावायची गावात टूम होती आणि कोट तर कुणाकडेच नसायचा. मग एके दिवशी सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नातला कोट टेबलावर पसरला, कात्री घेतली आणि कॉलरच्या खालपासून शेवटापर्यंत पाठ मधोमध चिरून टाकली. सासूबाई त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण युक्ती अशी नामी की विचारू नका. पाठ उघडी असल्यामुळे कोट कुणालाही घालता यायचा. समोरचा माणूस जाड असला तर मागे दोन्ही भाग लांब राहायचे, बारीक असला तर एकावर एक घेऊन कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. कॅमेऱ्याला पाठ कुठे दिसते? समोरून बघावं तर साहेब, आणि मागून बघावं तर पाठीवर पाच चिमटे.

चिमटे लावायचं काम माझं. मी लग्न होऊन धामणगाव बढ्याहून इथे आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात हे काम अंगावर पडलं. अनोळखी माणसांच्या पाठीमागे उभं राहून कोट ओढायचा, चिमटे लावायचे आणि बाजूला व्हायचं. मला माणसं आधी पाठीकडून कळली. कुणाच्या शर्टावर बसच्या सीटची धूळ, कुणाच्या मानेवर नुकत्याच केलेल्या कटिंगचे केस, कुणाचा श्वास इतका जोरात की चिमटा सुटून खाली पडायचा. समोरून दिनकररावांचं ठरलेलं पालुपद: "हनुवटी खाली. खांदे सैल. हसू नका." नोकरी मागायला निघालेल्या माणसाने हसायचं नाही, असं कुणी ठरवलं कोण जाणे.

आणि आमचा उन्हाळा! मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. डांबर चपलेला चिकटतं. गच्च्यांवर बायका पहाटेच ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, घालून खाली पळतात, दहा वाजता त्या कडकडीत होतात. नळ कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे कूलरला पाणी घालायचं म्हटलं तरी घरात दोन मतं पडतात. अशा दिवसांत लोकरीचा कोट अंगावर चढवणं म्हणजे काय ते कल्पनेनेच समजून घ्या. दोन दिव्यांच्या उजेडात माणूस नुसता निथळायचा. मी त्याच्या हातात पावडरचा डबा द्यायची. त्या कोटाला कायम तोच एक वास होता, पावडरचा, ओल्या वाळ्याचा आणि भीतीचा. भीतीला वास असतो हे मला त्या दुकानात कळलं.

आता ज्या उन्हाळ्याची आठवण येते, तो मंदीचा उन्हाळा. मंदी हा शब्द आम्ही बातम्यांत ऐकत होतो, पण तो दूरचा वाटायचा. आपल्याला काय त्याचं? आमच्या गल्लीत मंदी आली ती इस्त्रीवाल्याच्या गाडीवर. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे निळे शर्ट त्याच्याकडे इस्त्रीला यायचे. ढीगच्या ढीग. होळीनंतर तो ढीग निम्मा झाला. मी विचारलं तर म्हणाला, "तिसरी पाळी बंद झाली, वयनी." मग दुसरीही बंद झाली. मग लग्नाच्या ऑर्डरी आमच्याकडे येईनाशा झाल्या. लग्नं होत होती, पण अल्बमच्या जागी लोक म्हणायचे, मोबाइलवर काढून घेऊ. आणि बसस्टँडवर पुण्याहून येणाऱ्या गाड्यांच्या टपावरून गाद्यांच्या वळकट्या उतरायला लागल्या. दिवाळीला येणारा माणूस गादी घेऊन येत नाही. गादी घेऊन आला म्हणजे खोली सोडून आला.

पासपोर्ट फोटोंची गर्दी मात्र वाढली. संग्रामपूरहून, नांदुऱ्याहून, कुठून कुठून माणसं यायची. एकेका जागेसाठी अख्खा जिल्हा अर्ज करत होता. लोकांचं बिघडत होतं आणि आमचं बरं चाललं होतं. मला त्याची लाज वाटायची. संध्याकाळी दुकान झाडताना कापलेल्या फोटोंच्या पांढऱ्या कडा सुपलीभर निघायच्या आणि मला वाटायचं, आपण हे काय गोळा करून राह्यलो!

त्याच उन्हाळ्यात सुखदेवभाऊ आले.

सुखदेव वानखडे आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. निळ्या शर्टांपैकी एक शर्ट त्यांचा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये सतरा वर्षं काम केलेलं. कुठला नट कोणत्या खणात आहे हे डोळे मिटून सांगतात, असं त्यांची बायको सुनंदा मोठ्या कौतुकाने सांगायची. सुनंदा आणि मी एकाच गच्चीवर बिबड्या घालायचो. दरवर्षी एप्रिलात जयंतीच्या दिवशी सुखदेवभाऊ, सुनंदा आणि त्यांची प्रज्ञा, तिघंही पांढरेशुभ्र कपडे घालून सकाळीच आमच्याकडे फोटो काढायला यायची. प्रज्ञा कडेवर होती तेव्हापासूनचे फोटो आमच्याकडे आहेत. त्या वर्षी जयंती आली, मिरवणूक दुकानावरून वाजतगाजत गेली, आणि ही तिघं आलीच नाहीत. मी दोनदा दाराशी जाऊन बघितलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी एकटेच आले. भर उन्हात, कुणी नसताना. पायरीवर चपला काढून उभे राहिले. आमच्या दुकानात कुणी चपला काढत नाही.

"दिनकरभाऊ, पासपोर्ट काढाचे होते."

"कोनाचे? प्रज्ञाचे?"

"नाई. माह्ये."

दिनकररावांनी पुढे काही न विचारता दिवे लावले. त्यांचा हा एक गुण आहे, नको तिथे बोलत नाहीत. मी कोट उचलला. सुखदेवभाऊ अंगाने काटक, सासऱ्यांचा कोट त्यांच्या अंगात जाऊन लोंबायला लागला. मी पाठीमागे दोन्ही भाग चांगले वीतभर एकावर एक ओढले आणि चिमटे लावले. मान बघितली तर पाठीमागचे केस पार पांढरे झालेले. समोरून एवढे दिसत नव्हते.

"मलकापूरले एक नवं गोदाम होऊन राह्यलं," ते आरशात बघत म्हणाले. "स्टोअरकीपर पाह्यजे त्यायले. माह्यंच काम हाये ते. पन जाहिरातीत उमर पस्तीस लेयली हाये. मी त्रेचाळीसचा. तरी म्हनलं टाकून पाहू."

"आणि नाही झालं तर?" मी विचारून बसले. जीभ चावावी असा प्रश्न.

"नाई झालं तं पुन्याले जानं हाये. साळा म्हनते, वॉचमनची जागा हाये, लगेच या. पन मंग प्रज्ञा बारावीले अन् मी तिथं. सुनंदा एकटी." थोडं थांबून म्हणाले, "वॉचमनचं काम वाईट नाई. पन सतरा वर्ष मी ज्या स्टोअरचं कुलूप माह्या हातानं उघडलं, ते सोडून दुसऱ्याच्या दारात बसाचं, असं वाटते."

फोटो निघाला. दिनकररावांनी तो संगणकावर घेतला. तेव्हा संगणक नवा होता, कोट चढवायचं तंत्र अजून यायचं होतं, पण डाग काढणं, रंग उजळणं एवढं त्यांना जमायचं. सुखदेवभाऊंनी पडद्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "केस काळे होतीन का?"

दिनकररावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून. मला त्या क्षणी तेच बरं वाटलं. दहा मिनिटांत पडद्यावर पस्तिशीचा एक माणूस बसला, काळा कोट, काळे केस, भांग जागच्या जागी. सुखदेवभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. "लयच सायेब दिसून राह्यलो मी," म्हणाले आणि प्रथमच हसले.

त्या माणसाचा फोटो मलकापूरला गेला. आणि आश्चर्य म्हणजे बोलावणं आलं.

मेच्या मध्यावर एका सकाळी सुखदेवभाऊ परत दारात. दोन दिवसांनी मुलाखत होती. मला वाटलं पेढे द्यायला आले असतील. तर म्हणाले, "वयनी, एक काम होतं. तो कोट पाह्यजे एक दिवस."

दिनकरराव आतून म्हणाले, "काऊन? गोदामात काम हाये का कोर्टात? बेचाळीस डिगरी चालू हाये भाऊ. साधा शर्ट घालून जा ना."

"तसं नाई," सुखदेवभाऊ म्हणाले. त्यांनी हे सगळं नीट विचार करून आणलेलं दिसत होतं. "त्याइनं फोटो पाहून बलावलं. फोटोत कोट हाये. मंग जो फोटोत हाये तोच दारात उभा राह्यला पाह्यजे का नाई? मी बिनकोटाचा गेलो तं म्हनतीन हा कोन आला."

हे ऐकून हसावं की रडावं मला कळेना. दिनकरराव तर उघड हसलेच. पण सुखदेवभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "दिनकरभाऊ, आमच्या घरी भितीवर जो फोटो हाये, त्याच्यातबी कोटच हाये. आमचा बाप म्हने, अंगात कोट असला का समोरचा मानूस उभा राहून बोलते. माह्या बापानं जिंदगीत कोट नाई घातला. मीबी नाई. एक डाव घालून जातो."

मग कुणी हसलं नाही. दिनकररावांनी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

आता अडचण एकच होती. त्या कोटाला पाठ नव्हती.

भिंतीवरच्या त्या फोटोचं नाव काढल्यावर मला त्यांच्या हातात पाठीवरून चिरलेला कोट देववेना. मी त्यांना म्हटलं, इकडे या, उभे राहा. कोट चढवला आणि चिमट्यांच्या जागी टाचण्या लावल्या, वरपासून खालपर्यंत, त्यांच्या अंगाबरोबर. दिनकरराव बघत होते. सुखदेवभाऊ गेल्यावर म्हणाले, "शिवता का काय? अवो, हंगाम चालू हाये. कोट गेला तं दोन दिवस लोकायचे फोटो काय शाल पांघरून काढू?"

"काढा," मी म्हटलं.

आमच्या घरात शिलाईचं पायमशीन आहे. ते ओट्यावर घेऊन बसले. लोकर जाड, त्यात दोन पदर, सुई दोनदा मोडली. मधल्या भागाला मशीन घेईना तेव्हा हाताने दुहेरी दोरा घालून शिवलं. घामाने सुई हातातून निसटत होती. सासऱ्यांनी कोट फाडल्यापासून त्याला पहिल्यांदाच पाठ येत होती. सासूबाई असत्या तर बसल्या असत्या माझ्याशेजारी, असं वाटून गेलं. इस्त्री करून खिळ्याला टांगला तेव्हा तो आमचा कोट वाटेना, कुणा एका माणसाचा वाटायला लागला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले. मी दारात होते. सुखदेवभाऊ रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालत होते, कोट अंगात, हातात फाइल. केस काळेभोर. आदल्या दिवशी रंग लावला होता, फोटोतल्यासारखं दिसावं म्हणून. वळून त्यांनी हात वर केला. पाठीची शिवण सरळ आली होती. मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

दिवसभर दुकानात गिऱ्हाईक येत होतं आणि कोट विचारत होतं. मी सांगायची, धुवायला टाकलाय. दोघं-तिघं शर्टावरच फोटो काढून गेले, दोघं उद्या येतो म्हणाले. दिनकरराव दर वेळी माझ्याकडे बघायचे. जेवताना मात्र त्यांनीच विचारलं, "पोचला असंन ना आता?"

संध्याकाळी, उन्हं अजून भिंतीवर असताना सुखदेवभाऊ आले. कोट अंगातच होता. चेहऱ्यावरून आधी काही कळेना. मग ते पायरी चढून आत आले आणि मला दिसलं. कानशिलांवरून, मानेवरून काळे ओघळ आले होते. घामाबरोबर केसांचा रंग उतरून पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर, कोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला होता. कपाळाजवळचे केस पुन्हा पांढरे दिसत होते.

मी पाण्याचा तांब्या दिला. ते एका दमात प्यायले आणि बाकावर बसले.

"मॅनेजर चांगला होता," ते म्हणाले. "पयले म्हने, कोट काढा, मोकळे बसा. मी नाई काढला. फोटोत घातला हाये ना. मंग तो माह्याकडं पाहे, कोटाकडं पाहे. अन् एकदम हासला. कपाटातून गठ्ठा काढला अन् टेबलावर पसरला. सगळ्यायचे अर्ज. वयनी, अर्ध्याअधिक अर्जायवर हाच कोट. हाच, हीच कॉलर. एक उंद्रीचा, एक संग्रामपूरचा, एक आपल्याच गल्लीतला. मले विचारलं, 'तुमच्या गावात एकच कोट आहे का हो?' म्या म्हनलं, हाव सायेब. एकच हाये."

दिनकरराव हातातलं काम ठेवून उभे राहिले होते.

"मंग कामाचं विचारलं. ते म्या सगळं सांगतलं. माल कसा लावाचा, पयले आलेला माल पयले कसा काढाचा. त्याले पटलं. म्हने, काम येते तुम्हाले. पन तोपरेंत रंग गयाले लागला होता. त्यानं कागदी रुमाल देल्ला. म्हने, उमर मोठ्या सायबाइनं ठरवली, माह्या हातात नाई. अन् एक अर्ज वर काढून दाखवला. म्हने, सकाळीच घेतला याले. उंद्रीचा होता तो. मोठ्या कानाचा."

मला तो आठवला. मोठ्या कानांचा, उंच. मीच चिमटे लावले होते. निघताना माझ्या पाया पडून गेला होता.

सुखदेवभाऊ त्या पाण्याच्या तांब्याकडे बघून म्हणाले, "म्हनजे नोकरी आपल्याच कोटाले लागली, वयनी. खाली हात नाई आला तो."

आणि हसले. मला हसता आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. ते केस आम्हीच काळे केले होते. आमच्या दुकानात, आमच्या संगणकावर, माझ्या एका मान हलवण्याने. त्यानंतर तो बिचारा माणूस नुसता त्या फोटोच्या मागे धावत होता, त्याच्यासारखा दिसायला. मी हे कसंबसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तुमचा काय दोष? म्याच म्हनलं होतं."

मग ते उठले, कोट काढला, काउंटरवर उलटा पसरला आणि म्हणाले, "ब्लेड द्या बरं एक."

"राहू द्या हो, मी करते सावकाश."

"उद्या लोक येतीन ना," ते म्हणाले. "मले शिवून देला म्हनून सगळ्यायचा कायले अडवता?"

दिनकररावांनी फोटो कापायचं ब्लेड दिलं. सुखदेवभाऊंनी स्टोअरमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या नीटसपणाने एकेक टाका कापायला घेतला. कापडाला ब्लेड लागू दिलं नाही. दुहेरी दोरा होता तिथे नखाने उचलून कापला. दोऱ्याचे सगळे तुकडे तळहातावर गोळा केले आणि केराच्या डब्यात टाकले. कोट पुन्हा खिळ्याला टांगला, दोन भाग लोंबते. चिमटे मोजून टोपलीत ठेवले. मग चपला घालून गेले.

त्यांनी पुण्याला जायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी आले, वॉचमनच्या एजन्सीला दोन फोटो द्यायचे होते. मी सवयीने कोटाकडे हात नेला.

"नको. तिथं डरेस भेटते," ते म्हणाले.

रंग पूर्ण उतरला होता. साध्या पांढऱ्या शर्टावर, जयंतीच्या दिवशी घालतात त्याच, ते स्टुलावर बसले. मला पाठीमागे काही काम नव्हतं, म्हणून प्रथमच समोरून बघत उभी राहिले. दिनकररावांनी हनुवटी खाली म्हटलं नाही की खांदे सैल म्हटलं नाही. फोटो पडद्यावर आला. त्यांचा हात नेहमीप्रमाणे माउसवर गेला, पांढऱ्या केसांपर्यंत बाण आला, आणि त्यांनी हात काढून घेतला. तसाच छापला.

सुखदेवभाऊंनी तो ओला फोटो कडेला धरून उजेडात नेला. बराच वेळ बघितलं.

"हाव," म्हणाले. "हा मीच हाव."

आता ते पुण्यात एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर असतात. प्रज्ञा नर्स झाली, इथेच आहे. जयंतीला सुखदेवभाऊ रजा टाकून येतात आणि तिघं पांढऱ्या कपड्यांत आमच्याकडे फोटो काढतात, यंदाही काढला. मी विचारलं, काम कसं आहे? म्हणाले, "बरं हाये. उभंच राहा लागते. कोटवाले लोक लय येतात, त्यायच्या गाडीले फाटक उघडाचं अन् उभं राहाचं." तक्रार म्हणून म्हणाले नाहीत. मला मात्र त्यांच्या वडिलांचं बोलणं आठवलं आणि मी कॅमेऱ्याकडे बघा म्हणून विषय बदलला.

या आठवड्यात पायऱ्या पुन्हा भरल्या आहेत. फॉर्म आलेत. जागा किती ते कुणाला माहीत नाही, पण माणसं भरपूर आहेत. दिनकरराव निळा का काळा विचारत आहेत, आणि पडद्यावरचे कोट एकामागून एक अंगावर चढत आहेत, पाठीशिवाय. त्या कोटांना तर चिरायलाही पाठ नाही.

काल दुपारी गर्दी ओसरल्यावर मी खिळ्यावरचा कोट काढला. झुरळं नव्हती. अस्तरावरचा काळा डाग गेलेला नाही, जाणारही नाही. चिरलेल्या दोन्ही भागांवर, कडेपासून आत, टाक्यांची बारीक छिद्रं अजून दिसतात. सासऱ्यांच्या वेळेपासून आजपर्यंत हा कोट हजारोंच्या अंगावर गेला असेल, कुणाच्याही मापाचा नसलेला. मी काउंटरवर दोन्ही भाग एकावर एक घेतले आणि छिद्रावर छिद्र ठेवत वरून खाली आले. एकही चुकलं नाही. त्या मापात एकच माणूस बसतो, आणि मलकापूरच्या त्या गोदामाचं कुलूप त्याला उघडता आलं असतं.

मी कोट झटकला, परत खिळ्याला टांगला आणि पुढच्याला आत बोलावलं.